वाचकांचे प्रश्न : अभ्यासाचं टेबल घरीच करताना

उन्हाळा लागला की घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांची पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाबद्दल आहेत. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

मुलगा सातवीत आहे. त्याच्यासाठी 4 बाय 2 फुटांचं साधं टेबल करायचं आहे. करवत, रंदा, पटाशी, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) घरात आहे. लाकूड कोणतं आणि किती आणू?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उंची 29 इंच धरा. मुलाला आत्ता थोडं उंच वाटेल, पण खुर्चीवर उशी आणि पायाखाली पाटी दिली की काम भागतं, आणि तेच टेबल पुढे कॉलेजातही चालतं.

वरच्या फळीसाठी साग घ्या. तो कमी फुगतो, कमी आकसतो आणि रंद्याला सरळ जातो. चार पाय आणि पट्ट्या कडुनिंबाच्या केल्या तरी चालतील, फक्त कडुनिंबाची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, उलटसुलट असते, त्यामुळे रंद्याचं पातं धारदार आणि अगदी कमी बाहेर काढलेलं हवं. बाभूळ वखर-तिफणीला उत्तम, पण रुंद फळीला नको, वाळताना पिळते. आंबा स्वस्त आणि मऊ आहे, मात्र त्याला घुण लवकर लागतो.

आता हिशेब. फळी 4 फूट × 2 फूट × 1 इंच, म्हणजे 0.67 घनफूट. पाय चार, 2 × 2 इंच, अडीच फुटी : 0.28. वरच्या चौकटीच्या पट्ट्या 4 इंच × 1 इंच, साडेतीन फुटी दोन आणि पावणेदोन फुटी दोन : 0.29. खालच्या पट्ट्या 3 इंच × 1 इंच, दोन बाजूंना आखूड आणि मागे एक लांब : 0.15. बेरीज साधारण 1.4 घनफूट. कापण्यात, रंद्यात आणि गाठी टाळण्यात चौथा हिस्सा जातो, म्हणून पावणेदोन घनफूट आणा. आरा मशीनवरून 1 इंचाची आलेली फळी रंदा मारल्यावर 7 सूत उरते (8 सूत म्हणजे 1 इंच). पुढची सगळी मापं त्याच जाडीवर घ्या.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मशीनवरून आणलेलं ओलं लाकूड दुसऱ्या दिवशी कापायला घेतात. फळ्या सावलीत, वारा लागेल अशा जागी, दर दीड फुटावर इंचभर जाडीच्या काड्या घालून एकीवर एक रचा. टोकांना जाड रंग लावा, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. वाळलं की नाही हे हाताने कळत नाही. फळीचा वीतभर तुकडा कापून त्याच ढिगात ठेवा आणि दर आठवड्याला किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. सलग तीन आठवडे वजन तेवढंच भरलं की लाकूड तयार.

मागच्या पावसाळ्यात सागाचं टेबल केलं. फळी चौकटीला खालून स्क्रूने घट्ट आवळली, शिवाय कडेला खिळेही मारले. मे महिन्यात मधोमध फूटभर लांब चीर पडली. लाकूड खराब होतं का? चीर भुशाने भरू का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

लाकूड खराब नव्हतं, आवळणं चुकलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्यानुसार फुगतं आणि आकसतं. आपल्याकडे पावसाळ्यात खिडक्यांची कवाडं अडकतात आणि मे महिन्यात त्याच कवाडांतून उजेड दिसतो, ते याचमुळे. विदर्भात श्रावण आणि वैशाख यांच्या हवेत इतका फरक असतो की 2 फूट रुंदीची सागाची फळी वर्षभरात पाव इंच ते 3 सूत कमीजास्त होते. तुम्ही ती फुगलेली असताना आवळली. उन्हाळ्यात तिला आकसायला जागा नव्हती, म्हणून जिथे रेषा कमजोर होती तिथे ती फाटली.

भुसा आणि फेविकॉल भरू नका. पावसाळ्यात फळी पुन्हा फुगली की ती भर पाचरीसारखी दाबते आणि शेजारी दुसरी चीर पडते. खिळे-स्क्रू काढून फळी मोकळी करा. चिरेच्या रेघेवरून करवतीने फळीचे दोन भाग करा, दोन्ही कडांना रंदा मारून पुन्हा चिकटवा. रुंदी कमी पडली तर मधे सागाचीच पट्टी घाला. हे काम उन्हाळ्यातच उरका, तेव्हा लाकूड कोरडं असतं.

कडा जुळवायची एक चांगली रीत आहे. दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटा, कडा वर ठेवा आणि दोन्हींवर एकदम रंदा चालवा. रंदा थोडा कलला तरी एका कडेचा कल दुसरीच्या उलट पडतो आणि उघडल्यावर फळी सपाट जुळते. मग एकीवर एक उभी धरून दाराकडे बघा. उजेडाची रेघ दिसत असेल तर अजून जुळलं नाही. सागात तेलकटपणा असतो, म्हणून ताजा रंदा मारलेल्या कडांना थिनरचा बोळा फिरवून तो उडाला की लगेच फेविकॉल लावा.

फळी बसवताना लाकडी गुटके वापरा. 2 इंच लांब, दीड इंच रुंद, 7 सूत जाड असे आठ गुटके. प्रत्येकाच्या एका टोकाला 4 सूत लांब, 3 सूत जाड जीभ ठेवा. चौकटीच्या पट्टीत आतल्या बाजूने, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, जीभ सहज सरकेल अशी 4 सूत खोल खाच पाडा. जीभ खाचेत घालायची आणि स्क्रू फक्त गुटक्यातून फळीत मारायचा. जिभेच्या वरची जागा खाचेच्या वरच्या जागेपेक्षा केसभर कमी ठेवा, म्हणजे स्क्रू आवळताना फळी खाली ओढली जाते. लांब पट्ट्यांना तीन-तीन आणि आखूड पट्ट्यांना बरोबर मधे एक-एक गुटका. फळीचा मध्य जागेवर राहतो आणि ती दोन्ही कडांकडे हलते.

इथे ऋतू बघायचा. उन्हाळ्यात बसवत असाल तर लांब पट्टी आणि गुटक्याचं अंग यांत दीड सूत मोकळं ठेवा, कारण फळी पुढे फुगणार आहे. पावसाळ्यात बसवत असाल तर गुटका पट्टीला टेकवूनच लावा, कारण फळी आकसताना जीभ खाचेतून बाहेरच्या दिशेने सरकणार आहे. तुमचं टेबल पावसाळ्यात झालं होतं. तेव्हा खिळ्यांऐवजी टेकवलेले गुटके असते तर ही चीर पडली नसती.

पाय आणि पट्ट्या खिळ्यांनी जोडल्या तर टेबल डुलतं. कुसू काढणं घरी जमेल का? शिकंजे (सांधा आवळून धरायची साधनं) नाहीत.
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

जमेल. कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ आणि पायात तिच्या मापाचं भोक. जाडी पटाशीवरून ठरवा. 10 मिमीची पटाशी असेल तर भोक तेवढंच आणि कुसूही तेवढाच. लांबी 1 इंच, रुंदी 3 इंच. 4 इंचाच्या पट्टीत वर-खाली अर्धा-अर्धा इंच खांदा राहू द्या. भोक पायाच्या वरच्या टोकापर्यंत उघडं गेलं तर पाय तिथूनच फाटतो, म्हणून पाय आधी इंचभर लांब ठेवा आणि भोकं पाडून झाल्यावर जादा कापा.

आधी भोक पाडा, मग कुसू. कुसू रंद्याने किंवा पटाशीने तासता येतो, मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. हाताच्या दाबाने बसेल, हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी पुरं जाईल, इतका घट्ट हवा. जोरात ठोकावा लागला तर पाय चिरेल. एकाच पायात दोन बाजूंचे कुसू आत भिडतात, तिथे दोन्हींची टोकं 45 अंशांत कापा.

शिकंज्यांच्या जागी दोरी चालते. चौकटीभोवती जाड सुती दोरीचे दोन वेढे द्या, मधे काडी घालून पिळा आणि काडी पट्टीला अडकवा. पायांच्या कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर दोरीचे वळ उमटतात. पिळल्यावर ताबडतोब दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. एक कर्ण लांब असेल तर त्याच दोन कोपऱ्यांवर दाब द्या. रात्रभर हलवू नका. फेविकॉल सकाळीच लावा. दुपारच्या झळीत तो पाचेक मिनिटांत साय धरतो आणि सांधा कच्चा राहतो.

जुनं कवेलूचं घर पाडलं. मयाली (छताच्या तुळया) सागाच्या निघाल्या आहेत. टेबलाला वापरू का? आणि वावरात साग उभा आहे, तो तोडता येईल का?
— एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

जुनी मयाल वापराच. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड मशीनवर विकत मिळत नाही. पण आधी चुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढा, एक राहिला तरी आऱ्याचं पातं जातं. टोकं भिंतीत होती तिथे उधई लागलेली असते; टोचून बघा आणि मऊ भाग कापून टाका.

वावरातला साग तुमचा असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीत तो आहे. तोडण्याआधी परवानगी आणि नेण्याआधी वाहतूक परवाना घ्या. आंबा आणि मोहसुद्धा त्याच यादीत आहेत.

घरच्या जवसाच्या तेलाने पॉलिश होईल का? पायांतून मैद्यासारखी भुकटी पडते, तिचं काय करावं?
— एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

जवसाचं तेल वाळतं, शेंगदाण्याचं वाळत नाही. घाणीचं कच्चं तेल वाळायला दोन आठवडे किंवा जास्त घेतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल एक-दोन दिवसांत वाळतं. 120 आणि मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा, नाहीतर चिकट थर राहतो. तेलाच्या चिंध्या बोळा करून कधीच टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा दोरीवर सुट्या वाळवा.

भुकटी घुणाची आहे. तो सालीलगतच्या पांढऱ्या भागातला पिष्टमय अंश खातो, गाभ्याला सहसा लागत नाही. तेल लावण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून उघड्या लाकडाला दोन-तीन हात द्या आणि पुरतं वाळू द्या. काम हातमोजे घालून करा आणि द्रावण लेकरांपासून, गुरांपासून दूर ठेवा. पायांची खालची टोकं त्यात तासभर बुडवून ठेवा, कारण पाणी आणि उधई दोन्ही तिथूनच चढतात. घर शेणाने सारवलेलं असेल तर प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा द्या.