हेलियमचा शोध खरंच विजयदुर्गावर लागला का?

तुमच्या सरावसंचात 'हेलियमचा शोध कुठे लागला?' या प्रश्नाचं उत्तर 'विजयदुर्ग' दिलंय आणि दुसऱ्या पुस्तकात 'गुंटूर'. मग खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय. प्रश्नमंजुषेसाठी प्रश्न काढायला लागल्यापासून हा घोळ मी वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विजयदुर्ग हे उत्तर चूक आहे. पण ही चूक हवेतून आलेली नाही.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते, ब्रिटिशांचे मेजर टेनंटही तिथेच. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला गेले होते. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे पटवर्धनांचं जमखंडी संस्थान. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते आणि ढगांनी त्यांना बराच त्रास दिला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून) पाहिला तेव्हा त्यात ठळक रेषा दिसल्या. म्हणजे या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या. त्या रेषांत एक पिवळी होती. ती सोडियमची असावी असाच तेव्हा बहुतेकांचा समज झाला.

जान्सेन यांचं मोठं काम वेगळंच आहे. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भर उन्हात त्या पाहूनही दाखवल्या. नवं मूलद्रव्य सापडल्याचा दावा मात्र त्यांनी केला नव्हता.

आता नॉर्मन लॉकियर. हे युद्धखात्यात कारकुनी करणारे हौशी खगोलप्रेमी. १८६८ मध्ये ते भारतात आलेच नव्हते. २० ऑक्टोबरला, लंडनमध्ये, नवा वर्णपटदर्शक हाती आल्यावर त्यांनीही ग्रहणाविना त्याच ज्वाळा पाहिल्या. पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नाही, हे त्यांनी नेमकं पकडलं. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर येतात, ही ५८७.६ वर. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, पण पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी ती रेषा जुळेना. म्हणून 'हेलिओस', म्हणजे ग्रीक भाषेतला सूर्य, यावरून हेलियम हे नाव पडलं. हे नवं मूलद्रव्य आहे, हे अनेक रसायनशास्त्रज्ञांना पटलं नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमझे यांना क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली. ते खरं तर आर्गॉन हा दुसराच वायू शोधत होते!

मग विजयदुर्ग कुठून आलं? २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण लागलं, आणि या वेळी त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला. तेव्हा लॉकियर खरोखर विजयदुर्गला आले. सोबत मेल्पोमीन या ब्रिटिश युद्धनौकेवरची माणसं होती. किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' लॉकियर यांच्याच नावाने सांगितले जातात. माणूस तोच, देश तोच, निमित्तही ग्रहणाचंच. तीस वर्षांचं अंतर लोकांच्या बोलण्यात गळून गेलं आणि १८६८ चा शोध १८९८ च्या ओट्यांवर जाऊन बसला. आता १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही होतो, त्यामुळे समज आणखी पक्का होतो. पण लॉकियर विजयदुर्गला उतरले तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती. वाद घालणाऱ्याला एवढं एक सांगितलं तरी पुरतं.

विजयदुर्गाचं महत्त्व यानं कमी होतं असं मला अजिबात वाटत नाही. 'नेचर' हे विज्ञान नियतकालिक सुरू करणारा माणूस आपल्या देवगड तालुक्यात येऊन सूर्याचे फोटो घेतो, हे खरं आहे आणि तेच सांगावं. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला निरीक्षणं घेत होते. त्यांच्यावर प्रश्न आलेला मी आजवर पाहिला नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

परीक्षेत 'कोणत्या ग्रहणात' असं विचारलं तर १८ ऑगस्ट १८६८. 'जान्सेन यांनी कुठून' असेल तर गुंटूर. 'लॉकियर यांनी कुठून' असेल तर इंग्लंड. पर्यायांत फक्त विजयदुर्गच जुळत असेल तर तेव्हापुरतं ते निवडा, पण उत्तरतालिका आली की हरकत जरूर नोंदवा. सोबत १८६८, १८९५ आणि १८९८ ही तीन सालं क्रमाने लिहा.