फ्लोरेन्सला सोमवार नको

प्रश्न : पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मे महिन्यात मी आणि सौ. रोमहून व्हेनिसला जाताना फ्लोरेन्सला उतरणार. रविवारी संध्याकाळी पोचायचं, मंगळवारी सकाळी निघायचं. माझे गुडघे कुरकुरतात, सौ. पक्की शाकाहारी. काय काय बघावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाऊ, आधी तारखा बदला. तुमच्या हाती उरतो एकटा सोमवार. त्या दिवशी उफिझी संग्रहालय बंद, आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे उभा आहे ती अकादेमियाही बंद! मी हेच करून बसले होते. कुलूपबंद दाराशी फोटो काढून परतले. एक रात्र वाढवा, दोन्हीकडची वेळ घरूनच ऑनलाइन घेऊन ठेवा.

मोठ्या चर्चच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. तो नाद सोडा, घुमट खालूनच डोळे भरून बघा. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत, सौ.ची साडी तिथे एकदम चालेल.

आता तुमच्या धंद्यातलं. हे शहर मोठं झालं ते सावकारीवर आणि लोकरीच्या कापडावर. १३३१ पासून त्या चर्चच्या बांधकामाची जबाबदारी लोकरवाल्यांच्या संघाकडे होती. संघाची खूण म्हणजे झेंडा घेतलेलं कोकरू. ओर्सानमिकेले चर्चशेजारी, डोक्यावरच्या छोट्या पुलाने जोडलेली, त्यांची जुनी कचेरी आहे. तिच्या भिंतीवर कोकरू शोधा. मला ते सापडलं तेव्हा आपल्याकडच्या चादरींवरचे छाप आठवले. १३७८ मध्ये लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी बंड करून काही आठवडे शहराचा कारभारच हातात घेतला होता. कारखानदार म्हणून हे तुम्हाला कितपत रुचेल, तुम्हीच ठरवा.

जेवायला रिबोल्लिता मागा : शिळा पाव, पांढरा घेवडा आणि पालेभाजी पुन्हा उकळून केलेला दाट रस्सा. आपल्या कुस्कऱ्याची लांबची बहीणच. ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांस नको, हे आधी सांगा. तिथला पाव बिनमिठाचा असतो, पहिला घास घशाखाली उतरत नाही. म्हणून शेंगाचटणी न्या. तूप-पेढे नकोत, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात मनाई आहे. कडक भाकरी नेणार असाल तर डब्यात भरा. माझ्या बॅगेत तिचा पार भुगा झाला होता.