सगळं ठरतं पण सुरूच होत नाही, मोटिव्हेशन कुठून आणू?

चोपडा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय, नाव-गाव देऊ नका म्हणाली म्हणून देत नाही. थोडक्यात असं की वय २२, गेल्या वर्षी बी.कॉम. झालं, घरी शेती. बँकेत क्लार्क व्हायचंय म्हणून आयबीपीएस ही बँक भरतीची परीक्षा द्यायची, शिवाय इंग्लिश बोलता आलं पाहिजे, शिवाय रोज सकाळी पळायला जाऊन वजन कमी करायचंय. रंगीत पेनांनी टाइमटेबल करून भिंतीला लावलंय, टेलिग्रामवरच्या पीडीएफांनी मोबाइल भरलाय, रात्री मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले की उद्यापासून नक्की असं वाटतं आणि सकाळी उठलं की काहीच नाही. "मॅडम मी आळशी आहे का, आणि मोटिव्हेशन आणायचं तरी कुठून?"

अगं, तूच त्याच पत्रात लिहिलंय की वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी थापते आणि मग कपाशी वेचायला जाते, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेते. आळशी पोरगी असं काही करत नाही, तो शब्द आधी काढून टाक. पण मला सांग, पहाटे भाकरी थापायला बसताना मोटिव्हेशन येण्याची वाट बघतेस का? नाही ना. काम काय ते ठरलेलं असतं, वेळ ठरलेली, बसायची जागा ठरलेली, आणि नाही केलं तर दुपारी शेतात कोणीतरी उपाशी राहणार हे डोळ्यांसमोर असतं. अभ्यासाच्या बाबतीत यातलं एक तरी आहे का बघ. नुसतं "अभ्यास करायचा" असं आहे, कोणता, कुठे बसून, किती वाजता काही नाही, आणि आज नाही केला तर आजच्या दिवसात कोणाचंच काही अडत नाही, म्हणून तो बिचारा रोज शेवटच्या नंबरवर जातो आणि रात्री तू स्वतःला शिव्या देत बसतेस.

हे मी मनाचं सांगत नाहीये. पीटर गोल्विट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा १९९७ सालचा एक अभ्यास आहे, विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की नाताळची संध्याकाळ कशी गेली ते दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. सुट्टीत कोण लिहितंय असंच काम. त्यातल्या काहींना आधीच ठरवायला लावलं की मी कधी आणि कुठे बसून लिहिणार, बाकीच्यांना तसं काही विचारलं नाही. ज्यांनी वेळ-जागा ठरवली त्यांच्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त जणांनी पाठवलं, बाकीच्यांत जेमतेम एक तृतीयांश. फरक एवढ्यानेच पडला.

आता रात्रीचे व्हिडिओ. ते बघितल्यावर अंगात येतं म्हणतेस, खरंय, येतं, पण ते रात्री साडेअकराला येतं जेव्हा तुला झोपायचं असतं, आणि आपण काहीतरी केलं असं फुकटचं समाधान देऊन जातं. तू व्हॉट्सअॅपला "मिशन बँक" असं स्टेटस ठेवलंय, मावशीने बदामाचे इमोजी पाठवले, मैत्रिणींनी ऑल द बेस्ट केलं, छान वाटलं असेल. याच गोल्विट्झरनी पुढे २००९ साली दाखवलं की आपण अमुक होणार हे चार लोकांना कळलं, त्यांनी दखल घेतली की माणूस त्यासाठी उलट कमी काम करतो, थोडं तर आपण झालोच असं आतून वाटायला लागतं. तेव्हा स्टेटस काढ. कोणाला सांगायचंच असेल तर "मी बँकेत जाणार" असं नको सांगू, "आज रीझनिंगचे (तर्काचे प्रश्न) १४ बरोबर आले" असं सांग, तेही एकाच मैत्रिणीला, जी स्वतःपण देऊन राहिली असेल.

पत्रातल्या एका ओळीवर मात्र मी थांबले. "सगळा सिलॅबस झाला की मग मॉक टेस्ट देणार." माझ्या मते तुझं खरं घोडं इथे अडलंय. मोटिव्हेशन कमी आहे असं मला वाटतच नाही, मार्क बघायची भीती आहे. जोपर्यंत सुरू केलं नाही तोपर्यंत "मी मनावर घेतलं असतं तर झालंच असतं" हे खरं मानता येतं, आणि एकदा पेपर सोडवला आणि गणितात ३५ पैकी ६ आले की ते जातं. टाइमटेबल रंगवणं, पीडीएफ गोळा करणं, कोणता क्लास बेस्ट याची चौकशी करणं, हे सगळं त्या ६ पासून लांब राहायचे मार्ग आहेत गं. माझ्याकडे येणारी बरीच मुलं इथेच अडकलेली असतात, हुशार पण. मग ते ६ लवकर बघून टाकलेले बरे, आज बघितले तर ते नुसते आकडे असतात आणि परीक्षेच्या दिवशी बघितले तर निकाल.

आणि त्यासाठी तुला फार काही करायचं नाहीये, कारण पेपरच तसा आहे. क्लार्कची प्रीलिम म्हणजे पहिल्या टप्प्याची परीक्षा ६० मिनिटांची असते, प्रश्न १००, इंग्लिशचे ३०, न्यूमेरिकलचे म्हणजे गणिताचे ३५, रीझनिंगचे ३५, आणि प्रत्येक भागाला वेगळी २० मिनिटं, एकातला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे परीक्षेनेच तुला वीस मिनिटांचा तुकडा कापून दिलाय. पहिल्या दिवशी एवढंच कर, जुना एक पेपर घे, त्यातलं फक्त रीझनिंग, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून वीस मिनिटांचा टायमर, वाजला की पेन खाली. न वाचता, न तयारी करता. मग बरोबर-चूक बघ, चुकलेल्याचा पाव मार्क कापला जातो तोही काप, आणि आकडा वहीच्या मागच्या पानावर तारखेसकट लिही. झालं, त्या दिवशीचा अभ्यास संपला, उठून जा. दुसऱ्या दिवशी जे प्रश्न चुकले त्यातला एकच प्रकार उचल, समज बसायच्या जागांचे कोडे, आणि तेवढाच यूट्यूबवर बघून परत वीस मिनिटं. सिलॅबस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जाण्यापेक्षा या उलट्या वाटेने गेलं की आपलं कुठे फाटलंय ते लवकर कळतं. गणिताचं पान आठवडाभर उघडलंस नाही तरी चालेल, पण दुसऱ्या आठवड्यात उघडायचं, तिथे सूट नाही, कारण तिन्ही भागांचा कटऑफ वेगवेगळा पार करावा लागतो आणि रीझनिंगमध्ये ३० आणून गणितात बुडालेल्या पोरी मी बघितल्यात.

मूड येईल मग करू म्हणशील तर आपल्याकडच्या शेतकऱ्याचं बघ, पाऊस यायच्या आधी कोरड्या रानात धूळपेरणी करतातच ना लोक. कधी फसते, दुबार पेरावं लागतं, त्यात बियाण्याचे पैसे जातात. तुझे वीस मिनिटं फसले तर काय गेलं?

वेळ कोणती ते तू ठरव, मी चोपड्याच्या शेतातलं रूटीन इथे जळगावात बसून ठरवू शकत नाही. पण घड्याळापेक्षा एखाद्या कामाला जोडून ठरव. शिकवणीची पोरं गेली की त्याच सतरंजीवर, उठायच्या आत. हे चांगलं आहे कारण ती जागा आधीच अभ्यासाची आहे आणि आई तेव्हा तुला हाक मारत नाही. आणि अडचणीचं उत्तरही आत्ताच लिहून ठेव, लाइट गेली तर काय, पाहुणे आले तर काय, उन्हाळ्यात पापड-बिबडे घालायचे दिवस आले तर काय. "पाहुणे आले तर चहा झाल्यावर मागच्या ओट्यावर दहा मिनिटं" असं इतकं बारीक.

तीन ध्येयांपैकी सध्या एकच ठेव, बँक. इंग्लिश पेपरात आहेच, बाकीचे दोन भाग मराठीतून देता येतात पण इंग्लिशचा भाग इंग्लिशमध्येच असतो, तर रोजचा एक उतारा मोठ्याने वाच, बोलण्याचा क्लास नंतर बघू. पळण्याचं सोड असं म्हणत नाही पण ते यशाच्या यादीतून काढ, वाटलं तर जा नाही तर नको जाऊ, चुकलं म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही. तीन गोष्टी एका सोमवारी सुरू करणारा माणूस गुरुवारी तिन्ही सोडून बसलेला असतो, आणि मग सोमवारचीच वाट बघतो.

ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे जे व्हिडिओत सांगतात ना त्याच्यावर फार जाऊ नको. लंडनला फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बघितलं होतं, २०१० साली छापून आलं, तिथे सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८ तर कोणाचा अंदाज थेट २५४. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा एकादशीला, लग्नाला, आजारपणात खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी डबल करायला जाऊ नको, नेहमीचीच वीस मिनिटं.

पुण्याला किंवा जळगावला अभ्यासिकेत येऊन राहू का विचारलंस. माझं मत, आत्ता नको. जे घरी वीस मिनिटं होत नाही ते रूम-मेसचे पैसे भरल्यावर होईल असं वाटतं पण तिथे जाऊनही मोबाइल तोच असतो, वर घरच्या पैशांचं ओझं. महिनाभर घरी जमवून दाखव, मग चोपड्यातच एखादी अभ्यासिका बघ, मग पुढचं. दरम्यान तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या वेबसाइट बघत राहा, फुकट कोचिंगच्या जाहिराती निघतात आणि मुदत संपली की आपल्या पोरांना कळतं.

घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केलीय हेही तू शेवटी एका ओळीत घुसवलंय. त्याच्यावर मी दूर बसून मोठं बोलणार नाही. एवढंच, आईला "मला शिकू द्या" असं मोघम सांगू नको, त्याला त्या "हो बाई शीक की" म्हणतात आणि तेवढ्यात हाक मारतात. शिकवणीनंतरचा अर्धा तास मला हाक मारू नको असं नेमकं माग, आणि वहीच्या मागच्या पानावरचे आकडे दोन महिन्यांनी वडिलांना दाखव. ६ चे १७ झालेले बघितले की बापाचं बोलणं बदलतं, नेहमी नाही पण बऱ्याचदा.

वयाची घाई नाही, २० ते २८ ची मर्यादा आहे, ओबीसीला तीन वर्षं वर. आयबीपीएसचं वर्षाचं कॅलेंडर साधारण जानेवारीत येतं. त्याच्या आधी एक कागदाचं काम उरकून घे, ओबीसीत असशील तर नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, कॉलेजच्या स्कॉलरशिपला काढलेला राज्याचा चालत नाही, सेतूत जाऊन तसं स्पष्ट सांगून काढ. फॉर्ममध्ये स्वतःच्या हाताने इंग्लिशमध्ये लिहिलेलं डिक्लरेशन स्कॅन करून टाकावं लागतं, सगळं कॅपिटलमध्ये लिहिलेलं चालत नाही, सहीपण कॅपिटलमध्ये नको. रीझनिंगचा पहिला आकडा कितीही आला तरी मला कळव, पुढच्या पत्रात गणिताचं बोलू.