वाचकांचे प्रश्न : सोळाव्या वर्षी जर्मनीला गेलेला सॉन

प्रश्न (कोल्हापूर) : माझा पुतण्या सोळा वर्षांचा असून पेठेतील तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. जर्मनीतील एका क्लबात त्याची चाचणी घडवून आणतो, असे सांगणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले आणि त्यांनी आगाऊ रक्कम मागितली आहे. ‘दक्षिण कोरियाचा नामवंत फुटबॉलपटू सॉन ह्युंग-मिनसुद्धा सोळाव्या वर्षीच जर्मनीतील हॅम्बुर्ग क्लबात गेला होता,’ हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. यात तथ्य किती?

उत्तर : वय बरोबर आहे, पण बाकीची हकिगत त्यांनी आपल्याला सांगितलेली दिसत नाही. सॉनचा जन्म 8 जुलै 1992 रोजी चुनचॉन या गावी झाला. त्याचे वडील स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू होते आणि दुखापतीमुळे त्यांना ऐन उमेदीत खेळ सोडावा लागला होता. मुलाला सामन्यांच्या रगाड्यात लवकर न लोटता त्यांनी आधी वर्षानुवर्षे चेंडूवरचा ताबा घोटून घेतला. दोघे भाऊ भांडले म्हणून वडिलांनी एकदा दोघांनाही चार तास चेंडू पायावर झेलत ठेवण्याची शिक्षा दिली. तिसऱ्या तासानंतर आपल्याला एकाऐवजी तीन चेंडू दिसू लागले होते, असे सॉनने पुढे एका मुलाखतीत सांगितले. (असल्या शिक्षेचे मी समर्थन करणार नाही, परंतु डावा आणि उजवा असे दोन्ही पाय सारख्याच सफाईने चालवणारा खेळाडू कोठून आला, हे त्यावरून कळते.)

2008 साली तो हॅम्बुर्गला गेला तो कोणा मध्यस्थाला पैसे मोजून नव्हे, तर कोरियाच्या फुटबॉल संघटनेच्या युवा प्रशिक्षण योजनेत निवड झाल्यामुळे. शिवाय तो गेला आणि तेथेच राहिला, असेही घडले नाही. वर्षभराने तो मायदेशी परतला, 2009 मध्ये नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात त्याने तीन गोल केले, कोरियाचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि त्यानंतरच हॅम्बुर्गच्या युवा संघात त्याचा रीतसर प्रवेश झाला. पहिला व्यावसायिक करार झाला तो 2010 च्या उन्हाळ्यात, वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर.

अठरा वर्षांच्या या अटीकडे आपण विशेष लक्ष द्यावे. फिफाच्या नियमावलीतील कलम 19 नुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात नोंदणी करता येत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहावयास गेले असतील, किंवा खेळाडू सीमेलगत राहत असेल, अशा मोजक्या प्रसंगी सवलत मिळते. सोळा ते अठरा या वयातील मुलांसाठी असलेली सवलत युरोपीय देशांच्या आपसातील स्थलांतरापुरती आहे. कोल्हापूरच्या मुलाला यांतली कोणती लागू पडेल, हे त्या गृहस्थांनाच विचारून पाहावे. नियम मोडला तर भोगावे कोणाला लागते, हेही कोरियाच्याच मुलांनी पाहिले आहे. स्पेनमधील बार्सिलोना क्लबच्या अकादमीत दाखल झालेल्या ली सुंग-वू, पैक सुंग-हो आणि जांग ग्योल-ही या तिघांना अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत अधिकृत सामने खेळण्यास मनाई झाली. क्लबलाही 2014 मध्ये दोन हस्तांतर-खिडक्यांची (नवे खेळाडू घेण्याच्या ठरावीक मुदतींची) बंदी झाली खरी, पण क्लब ती सोसू शकतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी हुकलेले सामने मुलाला कोणी भरून देत नाही.

म्हणून आगाऊ रक्कम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फिफाचा परवाना असलेल्या एजंटांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर पडताळता येतात. चाचणीचे बोलावणे खरे असेल, तर ते क्लबच्या अधिकृत पत्राने येते आणि त्या क्लबकडे थेट विचारणा करून त्याची खातरजमा करता येते.

प्रश्न (ठाणे) : सॉनसारख्या खेळाडूला करार झाल्यावर लगेच संघात स्थान मिळाले का? पहिली वर्षे कशी गेली?

उत्तर : सुरुवातच दुखापतीने झाली. करारानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट 2010 मध्ये, चेल्सीविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने विजयी गोल केला आणि त्याच सुमारास पायाचे हाड मोडून तो सुमारे दोन महिने बाहेर बसला. बुंदेसलिगातील, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमधील, त्याचा पहिला सामना 30 ऑक्टोबर रोजी कोलोनमध्ये झाला. चोविसाव्या मिनिटाला लांबून आलेला चेंडू त्याने पुढे धावत आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून उचलला आणि खाली पडण्याआधीच मोकळ्या जाळ्यात मारला. हॅम्बुर्ग तो सामना 3-2 असा हरला, परंतु बुंदेसलिगात त्या क्लबसाठी गोल करणारा सर्वांत तरुण खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. तोवर तो मान क्लबचे जुने खेळाडू मॅनफ्रेड काल्ट्झ यांच्याकडे होता. भारतीय वाचकांनी त्याला त्यानंतर लवकरच पाहिले असेल. 18 जानेवारी 2011 रोजी दोहा येथे आशियाई चषकात कोरियाने भारताला 4-1 असे हरवले, तेव्हा बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या सॉनने आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्याविरुद्ध केला.

वृत्तपत्रांत अशा क्षणांची वर्णने येतात. आकडे मात्र संथ आहेत. लीगमध्ये पहिल्या हंगामात तीन, दुसऱ्यात पाच आणि तिसऱ्यात बारा गोल, असा तो प्रवास आहे. 2011 च्या सुट्टीत वडिलांनी त्याला मायदेशी रोज दोन्ही पायांनी मिळून हजार फटके मारावयास लावले. पुढच्याच हंगामात प्रशिक्षक बदलले, हॅम्बुर्ग पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि सॉनला अनेक सामने बाकावर बसून पाहावे लागले. या काळात तो टिकला याची मला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे, वडील जर्मनीत येऊन त्याच्याजवळ राहिले. दुसरे म्हणजे, तो जर्मन बोलण्यास शिकला, इतका की दुभाष्याविना मुलाखती देऊ लागला. ड्रेसिंग रूममध्ये बोलता न येणारा मुलगा संघात असूनही एकटा पडतो, आणि पहिल्या वर्षी घरी परतणाऱ्यांत अशांची संख्या मोठी असते, असे मला वाटते. 2012-13 मध्ये त्याने डॉर्टमुंड क्लबविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत दोन-दोन गोल केले, आणि 2013 मध्ये एक कोटी युरोला तो लेवरकुसेन या जर्मन क्लबात गेला. ऐंशीच्या दशकात कोरियाचा चा बुम-कुन याच क्लबातून खेळला होता, त्यामुळे तेथे कोरियन खेळाडूचे कोणाला नवल नव्हते.

प्रश्न (पुणे) : महाराष्ट्रातील कोणा मुलाला अशी संधी मिळाली आहे काय?

उत्तर : कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि 2019 मध्ये काही महिने इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावासाठी राहून आला, त्या क्लबची मालकी पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाकडे आहे. तो केवळ सरावाचा काळ होता, करार नव्हता, आणि त्याची पुढील वाटचाल भारतीय लीगमध्येच झाली. करार मिळवून युरोपात टिकलेल्या अलीकडच्या भारतीयांत गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याचे नाव घ्यावे लागेल. तो 2014 मध्ये नॉर्वेतील स्टाबेक क्लबात गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळण्यासाठी त्याला 2016 पर्यंत वाट पाहावी लागली.