कट्यार गंजली, घासू कशाने?

प्रश्न : घरात पणजोबांची कट्यार आहे. पात्यावर गंज चढलाय, मुठीवर सोनेरी नक्षी आहे. चिंच लावून घासू, की बफिंगला (मशीनवरच्या पॉलिशला) देऊ? (वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : दोन्ही नको. चिंचेचं आम्ल गंजाबरोबर पोलादही खातं. पातं मुशीतल्या जुन्या पोलादाचं (कार्बन साधारण दीड टक्का) असेल, तर त्यावरची पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, म्हणजे 'जौहर', बफिंगमध्ये पुसली जाते. मऊ कापडाने शिलाई मशीनचं तेल लावा, दिवसभर मुरू द्या. मग सर्वांत बारीक, चार शून्य (0000) नंबरच्या स्टील वूलने (पोलादाच्या बारीक तारांच्या पुंजक्याने) पात्याच्या लांबीच्या दिशेने हलकेच घासा; गोल गोल नाही. लाल भुगा निघतोय तोवरच. खालचा काळपट थर राहू द्या, तो वाढत नाही.

टोकाजवळ पातं जाड लागलं तर तो दोष नव्हे. चिलखताच्या कड्या फोडायला मुद्दाम तसं घडवत. मुठीला मात्र स्टील वूल लावूच नका. खरवडलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्याची तार असते ती, लगेच उचकटते. आणि पावसाळ्यात म्यानातून काढून ठेवा; चामडं ओल धरतं.