शेकडो वर्षांपूर्वीच्या कर्जरोख्यावर आजही सरकारी पैशातून व्याज मिळतं का?

हो, मिळतं! नेदरलँड्समध्ये लेक नदीच्या बांधबंदिस्तीसाठी तिथल्या जलमंडळाने (बांध आणि पाणी सांभाळणारी सरकारी संस्था) 1648 साली काढलेला 1000 गिल्डरचा (तिथलं जुनं चलन) रोखा अजून जिवंत आहे. मुदतच नाही, त्यामुळे मुद्दल परत करायचा प्रश्न नाही; व्याज मात्र कायम. जुन्या जलमंडळाची देणी आजच्या जलमंडळाकडे आली. दर आधी 5 टक्के, पुढे घटत अडीचवर आला.

गंमत म्हणजे रोखा बकरीच्या कातड्यावर लिहिलाय. व्याज दिल्याच्या नोंदी करता करता जागा संपली, म्हणून 1944 मध्ये कागदी पुरवणी जोडली. 2003 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने तो सुमारे 24,000 युरोंना घेतला. 2015 साली त्यांचा माणूस ती पुरवणी घेऊन गेला आणि 12 वर्षांचं थकलेलं व्याज घेऊन आला : 136.20 युरो. विमानभाडंही सुटलं नसणार!

ब्रिटनने मात्र असे बेमुदत रोखे 2015 मध्येच फेडून टाकले.