भिंत, कातडी आणि लोगो: वाचकांचे प्रश्न

ग्राफिटीवाले (भिंती-डब्यांवर स्प्रेने अक्षरं, चित्रं काढणारे) टॅटूकडेच का वळतात? पैशासाठी? (नाशिकहून एक वाचक)

पैसा आहेच, पण त्याआधी जागा गेली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला सीन, म्हणजे रिचर्ड मिरांडो, सत्तरच्या दशकात भुयारी रेल्वेचे डबे रंगवायला लागला. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या अक्षरांनी त्याचं नाव झालं. पुढे रेल्वेने ठरवलं, रंगवलेला डबा धुतल्याशिवाय रुळावर सोडायचा नाही. 12 मे 1989 रोजी असा शेवटचा डबा सेवेतून निघाला. रात्रभर जागून केलेलं काम सकाळी कुणाला दिसणारच नसेल, तर कोण करेल? सीनने ब्राँक्समध्येच टॅटूचं दुकान थाटलं.

लॉस एंजेलिसच्या मिस्टर कार्टूनची वाट वेगळी. भिंतीवरून तो एअरब्रशने मोटारी रंगवण्याकडे गेला, मग तुरुंगात रुजलेल्या बारीक रेघेच्या काळ्या-करड्या टॅटूकडे. रॅपर एमिनेमसारखी गिऱ्हाइकं आली, नाइकीचे बूट डिझाइन केले. मला त्याचं कौतुक वाटतं ते यासाठी की बुटावरही त्याचा हात ओळखू येतो.

मी काही वर्षं स्प्रेने भिंती रंगवतोय. टॅटू जमेल? (कोल्हापूर)

अक्षरांची समज कामाला येईल. हाताची सवय मात्र नव्याने लावावी लागेल. स्प्रे खांद्यातून फिरतो, ओघळ आला तर वरून दुसरा हात मारता येतो. टॅटूची सुई कातडीच्या आतल्या थरात, साधारण 1 ते 2 मिमी जाते. वरच राहिली तर रंग उडतो, जास्त खोल गेली तर रेघ फुटून निळसर पसरते. शिवाय दुसऱ्या हाताने कातडी सतत ताणून धरायची. रेघ वर्षांगणिक जाडावते, म्हणून देवनागरी गोंदताना 'क्ष' किंवा 'ळ' फार लहान काढू नका, अक्षराच्या पोटातली जागा बुजते. सराव कृत्रिम कातडीवर करा. चांगल्या स्टुडिओत आधी स्वच्छता शिका: सुई एकदाच वापरायची, पुन्हा वापरायची अवजारं ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) काढायची. मित्राचा दंड ही वही नव्हे.

मुलगा रात्री भिंती रंगवायला जातो. पोलीस पकडतील का? (ठाण्याहून एक आई)

पकडू शकतात. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध 1995चा कायदा आहे. निदान भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी तरी खिशात हवी.

कॅफेच्या भिंतीवर चित्र काढलं. मालकाने तेच मेन्यू कार्डावर छापलं, आता भिंत पुसणार म्हणतो. (पुणे)

इथे बहुतेक जण फसतात. पैसे घेऊन, सांगितल्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, आपल्या कायद्यात काम देणाऱ्याकडे जातो. म्हणजे मेन्यू कार्डाबाबत तुमची बाजू लंगडी. चित्रकार म्हणून असलेले नैतिक हक्क (कामाला आपलं नाव लागणं, त्याची मोडतोड झाल्यास दाद मागणं) मात्र कॉपीराइट कायद्याच्या कलम 57नुसार तुमच्याकडेच राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प 1979मध्ये काढून टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005मध्ये त्यांना 5 लाखांची भरपाई दिली, पण तोवर किती वर्षं गेली बघा. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ या ग्राफिटीने भरलेल्या इमारतींच्या भिंती पुसल्याबद्दल 2018मध्ये 21 कलाकारांना 67.5 लाख डॉलर मंजूर झाले, तेही कोर्टाची पायरी चढूनच.

मालकाशी आत्ता गोडीने बोला, पुसण्याआधी चांगले फोटो काढून घ्या. पुढच्या कामाला एक पानाचा करार करा: कॉपीराइट माझा, पुसण्याआधी कळवायचं, छपाईचे पैसे वेगळे.